उधारीची वही आणि उमेदवारी अर्ज

शेजारच्या गावात नव्या प्राथमिक आरोग्य केंद्राची इमारत बांधून तयार होती, रंगही दिला होता. पण पदनिर्मितीला मंजुरी नाही, म्हणून कुलूप. ३० हजार लोकसंख्येला एक केंद्र हा निकष कागदावर पुरा झाला, पण साप चावलेला माणूस अजूनही तालुक्यालाच पळवावा लागत होता. मंजुरीचा कागद हलतो मंत्रालयात, आणि तिथे माझ्यासारख्या गावच्या डॉक्टरच्या पत्राला कोण विचारतो? मी विधानसभेला उभा राहिलो तो एवढ्यासाठी. तिकीट मागायलाही गेलो होतो. ‘खर्चाचं काय ते बोला’ इथवर चर्चा झाली, पुढे नाही. मग अपक्ष.

१५ ऑक्टोबर २०२४ ला आचारसंहिता लागली. अर्जाची शेवटची तारीख २९. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे त्याचं नाव सुचवून अर्जावर सही करणारा, पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. ‘डॉक्टर, तुमच्यासाठी काय पण’ म्हणणाऱ्यांना सहीच्या वेळी नेमकी ऊसतोड आठवते. त्यांनाही दोष देत नाही. सूचकाचं नाव सगळ्यांना दिसतं, मत कुणाला दिसत नाही.

खरा घाम काढला तो नमुना २६ च्या शपथपत्राने. पाच वर्षांची आयकर विवरणं, बायकोच्या नावावरचं सोनं, शेताचा गट नंबर, सगळं त्यात येतं. एकही रकाना कोरा ठेवायचा नाही, काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहायचं. गेल्या दहा वर्षांत सरकारी निवासस्थानात राहिला असाल तर भाडं, वीज, पाणी, फोन यांची बाकी नसल्याचा दाखला लागतो. मी सरकारी नोकरीत असताना आरोग्य केंद्राच्या क्वार्टरमध्ये राहिलो होतो. गळक्या छपराच्या त्या दोन खोल्यांचा ना-देय दाखला मिळवायला जेवढी पायपीट झाली, तेवढी राजीनामा मंजूर करून घ्यायलाही झाली नव्हती.

मग आला ‘येणे रक्कम’ हा रकाना. वकील म्हणाले, ‘लोकांकडे उधारी असेल तर तीही मालमत्ताच.’ उधारीची वही काढली. कापूस विकल्यावर देतो, पोरगं पुण्याहून आल्यावर देतो, अशी पानंच्या पानं. काही नावांपुढे रक्कमच नव्हती, काही माणसं वारली होती. वसूल होण्यासारखी तेवढी बेरीज करून लिहिली. गावात डॉक्टरची पत कशावर उभी असते ते त्या वहीत होतं, आणि मतदारांसमोर ते माझी मालमत्ता म्हणून जाणार होतं.

छाननीत अर्ज टिकला. पण पंचाईत दवाखान्यातच झाली. उमेदवाराने फुकट तपासलं, औषध दिलं, तर ते मतदाराला दिलेलं आमिष ठरू शकतं. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२३ मध्ये लाच हा भ्रष्ट आचार आहे. वकिलांनी सांगितलं, ‘नेहमीची फी घ्या, पावती द्या, शिबिर तर घेऊच नका.’ ज्या म्हातारीकडून मी कधी पैसे घेतले नव्हते तिच्याकडून घेतले. ती बाहेर जाऊन म्हणाली, ‘इलेक्शनला पैसा लागतोय बया, डाक्टर बी मागाया लागला.’ ही बातमी माझ्या जाहीरनाम्याच्या आधी सगळ्या वाड्यांवर पोचली. शेवटी एका मित्र डॉक्टरला ओपीडी सांभाळायला बसवलं.

दिवाळी छाननी आणि माघार यांच्या मधे आली. फराळाला येणारा प्रत्येक जण ‘माघार घेणार का’ एवढंच विचारायचा, काही तर दुसऱ्या कुणाच्या वतीने. ४ नोव्हेंबरला मुदत संपली आणि चिन्हं मिळाली. माझी पहिली पसंती अर्थातच स्टेथोस्कोप. तेच एका खडी क्रशरवाल्या अपक्षानेही मागितलं होतं. चिठ्ठी टाकली, स्टेथोस्कोप त्याला गेला! मला खाट. विरोधक म्हणाले, डॉक्टरनं मतदानाआधीच खाट टाकली. आम्ही घोषणा केली, ‘दवाखान्यात खाट हवी तर खाटेचं बटण दाबा.’

खर्चाची मर्यादा ४० लाखांची, माझ्या ती कधी जवळही आली नाही. पण चहाच्या कपापासून खुर्चीच्या भाड्यापर्यंत सगळ्याचे दर जिल्हा निवडणूक कार्यालय ठरवून देतं आणि रोजचा हिशेब लिहावा लागतो. ते काम बायकोने केलं. दवाखान्याचे हिशेबही तीच ठेवते, म्हणून निभावलं.

२३ नोव्हेंबरला पडलो. वैध मतांच्या एक षष्ठांशापेक्षा जास्त मतं मिळाली नाहीत, म्हणून १० हजारांची अनामतही गेली. माझ्या गावच्या बूथवर मी पहिला होतो, एवढं मात्र खरं. कुणी उभं राहणार असेल तर एक सांगतो: हरलात तरी निकालापासून ३० दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावाच लागतो, नाहीतर तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतात. आम्ही आठवड्यातच दिला. पोच मी जपून ठेवली आहे, कारण त्या इमारतीचं कुलूप अजून निघालेलं नाही आणि जिल्हा परिषदेसाठी लोक आत्तापासून विचारायला लागलेत.