विषाणूचं इंजेक्शन बाबांना मिळेल का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ‘प्रोस्टेटच्या कॅन्सरवर विषाणूचं इंजेक्शन निघालंय म्हणे, ते बाबांना मिळेल का?’ हा प्रश्न बहुतेक वेळा ज्यांचा आजार हाडांपर्यंत पोचलाय त्यांच्या घरून येतो. आणि नेमकं त्यांच्यासाठीच आजचं उत्तर ‘नाही’ असं आहे. ते का, हे कळायला आधी सुई कुठे टोचतात ते पाहावं लागतं.

या शर्यतीत सगळ्यांत पुढे असलेलं औषध म्हणजे कॅन-२४०९. सर्दी-खोकल्याच्या अ‍ॅडिनोव्हायरसमधून वाढीला लागणारा भाग काढून टाकलाय, त्यामुळे तो शरीरात स्वतःच्या प्रती काढत नाही. त्याचं काम एकच: हर्पीसच्या विषाणूतला थायमिडीन कायनेज हे एन्झाइम बनवणारा जीन पेशीत नेऊन टाकणं. सोनोग्राफीवर बघत, बायोप्सीसारखीच सुई प्रोस्टेटमध्ये घालून तो सोडतात. त्यानंतर १४ दिवस व्हॅलासायक्लोव्हिरच्या गोळ्या. एरवी नागिणीवर देतात तीच ही गोळी. एन्झाइम नसलेल्या पेशीला तिचं फारसं काही वाटत नाही. एन्झाइम असलेली पेशी मात्र त्या गोळीपासून डीएनएची खोटी कडी बनवते, विभाजनाच्या वेळी साखळी तिथेच अडते आणि पेशी मरते. तयार झालेलं विष शेजारच्या पेशींतही झिरपतं, म्हणून प्रत्येक पेशीत विषाणू शिरलाच पाहिजे असं नाही. मरणाऱ्या पेशींतून सांडलेली प्रथिनं रोगप्रतिकारशक्तीच्या टी-पेशींच्या नजरेस पडतात, हा दुसरा फायदा. रेडिएशनची जोड देतात कारण किरणांनी तुटलेला डीएनए दुरुस्त करताना पेशी ती खोटी कडी जास्तच उचलते.

सुया तीन: पहिली रेडिएशनच्या काही आठवडे आधी, दुसरी सुरुवातीच्या सुमारास, तिसरी रेडिएशन चालू असताना. प्रत्येक सुईनंतर पुन्हा गोळ्यांचा पूर्ण कोर्स. सुईपेक्षा गोळ्यांकडे लक्ष द्या असं आम्ही मुद्दाम सांगतो, कारण त्या घरी घ्यायच्या असतात आणि पेशी मारण्याचं काम त्यांचंच आहे. व्हॅलासायक्लोव्हिर मूत्रपिंडावाटे बाहेर जातं. क्रिएटिनिन वाढलेलं असेल तर ते साठतं, भ्रम होऊ शकतो, म्हणून आधी रक्ततपासणी आणि दिवसभर भरपूर पाणी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सुईआधी सांगायलाच हवं. सुईनंतर ताप, थंडी, अंग मोडून येणं हे नेहमीचं आहे. लघवी अडली किंवा ताप उतरेचना, तर ‘विषाणूचाच ताप असेल’ म्हणून घरी थांबू नका. सुईच्या वाटेने जंतुसंसर्गही होऊ शकतो.

फायदा किती? तिसऱ्या टप्प्याच्या चाचणीत ७४५ रुग्ण होते. सगळ्यांचा आजार प्रोस्टेटपुरता, बहुतेक मध्यम धोक्याच्या गटातले. डिसेंबर २०२४ मध्ये निकाल आला: रेडिएशनसोबत विषाणू मिळालेल्यांत आजार परतण्याचा किंवा मृत्यूचा धोका ३० टक्क्यांनी कमी. दोन वर्षांनंतरच्या बायोप्सीत कॅन्सर अजिबात न सापडलेले ८०.४ टक्के, नुसतं रेडिएशन आणि खोटी (औषध नसलेली) सुई मिळालेल्यांत ६३.६ टक्के. आकडे चांगलेच आहेत. पण एकूण आयुष्य वाढल्याचं त्यात दिसलेलं नाही. या गटातली माणसं तशीही बरीच वर्षं जगतात, त्यामुळे ते दिसायला वेळ लागणारच. तरीही ‘आजार परतला नाही’ आणि ‘आयुष्य वाढलं’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. बातमी वाचताना यातलं कुठलं लिहिलंय ते बघा. प्रोस्टेटसाठी नेहमीच्या वापराला मान्यता मिळालेलं विषाणू-औषध अजून एकही नाही. त्वचेच्या मेलानोमावर अमेरिकेत २०१५ साली आणि मूत्राशयाच्या कॅन्सरवर २०२२ साली अशी औषधं मान्य झाली. तिथेही एकात सुई थेट गाठीत जाते आणि दुसऱ्यात औषध थेट मूत्राशयात सोडतात.

मग हाच विषाणू शिरेतून का देत नाहीत? दिला तर बराचसा यकृतच उचलून घेतं. उरलेला, लहानपणापासूनच्या सर्दीने तयार झालेल्या अँटिबॉडीज पकडतात. डोस वाढवून हे जमवता येत नाही: १९९९ साली अमेरिकेत एका आनुवंशिक आजारावरच्या चाचणीत यकृताच्या धमनीतून दिलेल्या अ‍ॅडिनोव्हायरसने १८ वर्षांच्या तरुणाचा जीव घेतला होता. त्यात प्रोस्टेटचा कॅन्सर रोगप्रतिकारशक्तीच्या दृष्टीने ‘थंड’, म्हणजे गाठीत टी-पेशी तुरळक. देवी आणि कोंबड्यांच्या देवीच्या कुळातल्या विषाणूंवर पीएसए या प्रोस्टेटच्या प्रथिनाचा जीन चढवून केलेली प्रोस्टव्हॅक ही लस आधीच्या छोट्या चाचणीत फार आशादायक दिसली होती. सुमारे १,३०० रुग्णांच्या मोठ्या चाचणीत तिने आयुष्य वाढवलं नाही आणि २०१७ साली तो नाद सोडावा लागला. ज्यांची प्रोस्टेट शस्त्रक्रियेने काढलीय त्यांच्यात तर सुई टोचायला जागाच उरलेली नसते.

हाडांत पसरलेल्या आजारासाठी चौकशी करायची ती दुसऱ्या गोष्टींची. पहिली, ल्युटेशियम-१७७ पीएसएमए. शिरेतून दिलेलं किरणोत्सारी औषध पीएसएमए हे प्रथिन असलेल्या पेशी शोधून तिथे चिकटतं. दर सहा आठवड्यांनी ७.४ गिगाबेकेरेल (किरणोत्साराचं माप), जास्तीत जास्त सहा वेळा. आधी पीएसएमए पेट स्कॅनमध्ये गाठी उजळल्या पाहिजेत. उजळल्या नाहीत तर औषधाला धरायला काही नाही. केमो आणि नवी हार्मोनविरोधी औषधं घेऊन झालेल्या ८३१ रुग्णांत याने सरासरी आयुष्य ११.३ महिन्यांवरून १५.३ वर नेलं. तोंड कोरडं पडतं, कारण लाळग्रंथीही पीएसएमए दाखवतात. दुसरी, ओलापरिब आणि त्याच्या भावंड-गोळ्या, मुख्यतः बीआरसीए या डीएनए दुरुस्त करणाऱ्या जीनमध्ये दोष असेल तर. इथे एक बारीक गोष्ट अनेकांना नडते. हाडाची बायोप्सी अ‍ॅसिडने मऊ केली असेल तर डीएनए खराब होतो आणि जीनची तपासणी निकामी ठरते. म्हणून बायोप्सीच्या आधीच पॅथॉलॉजिस्टला ‘जीन-तपासणी करायची आहे, ईडीटीए वापराल का?’ असं विचारा. ईडीटीए हाड मऊ करतं, पण डीएनए सांभाळून. बायोप्सीचा तुकडा ज्यात जपतात तो मेणाचा ब्लॉक फार जुना असेल तर तोही दगा देतो. अशा वेळी रक्तातून तपासणी होते. दोष जन्मजात निघाला तर मुलामुलींनाही तपासणी सुचवतात, आणि ही कल्पना घरच्यांना आधी दिलेली बरी.

तरीही चाचणीत जायचंच असेल तर डॉक्टरांसमोर बसून हे विचारा. विषाणू स्वतः वाढणारा आहे की न वाढणारा? नुसता सुरक्षिततेचा पहिला टप्पा आहे की तुलनेचा तिसरा? खोटी सुई मिळण्याची शक्यता किती? चाचणीच्या औषधाचे पैसे मागितले तर नोंदणी क्रमांक विचारा आणि क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह या चाचण्यांच्या अमेरिकी नोंदवहीत स्वतः पडताळा. मात्र तिथे नाव असणं म्हणजे कुणी दर्जाची हमी दिली असा अर्थ नाही. लॅटव्हियात मेलानोमावर विकल्या जाणाऱ्या एका विषाणू-औषधाच्या बाटलीत विषाणू सांगितल्यापेक्षा कितीतरी कमी निघाला आणि २०१९ साली त्याचं वितरण थांबलं. औषध म्हणून त्याची नोंदणी होती, तरीही.

चालू औषधांची यादी पूर्ण द्या, सांधेदुखीच्या स्टिरॉइडसकट. अबिराटेरोन या हार्मोनविरोधी गोळीबरोबर घ्यायचं प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइडही प्रतिकारशक्ती दाबतं, पण ते आपल्या मनाने बंद करणं धोक्याचं. नागिणीच्या गोळ्यांचं तर विशेषच सांगा. कॅन-२४०९ त्यांच्याशिवाय चालत नाही, पण हर्पीसपासून बनवलेला, स्वतः वाढणारा विषाणू दिला असेल तर त्याच गोळ्या त्याला मारून टाकतात.