नववा बिट आणि अठ्ठावीस माग

इचलकरंजीतल्या एका शेडमध्ये २८ यंत्रमाग आहेत. प्रत्येक मागावर पिक (कापडात पडणारा एकेक आडवा धागा) मोजणारा, ८०५१ या जुन्या मायक्रोकंट्रोलर चिपचा छोटा बोर्ड बसवलेला आहे, आणि हे सगळे बोर्ड आरएस-४८५ (एका तारेवर अनेक यंत्रं जोडायची सिरियल पद्धत) च्या एकाच जोडतारेवर लटकलेले आहेत. कामगाराची मजुरी मीटर आणि पिक यांवरून ठरते. आकडा चुकला की तो कुणाच्या तरी आठवड्याच्या पगारातून जातो, हे मी हातात काम घेतलं त्याच दिवशी मागांची देखभाल बघणाऱ्या तिथल्या जॉबरमामांनी मला बजावलं होतं.

आकडे गोळा करणारा जुना मास्टर जळाला होता. त्याच्या जागी सामा५डी२ चिपवर चालणारा लिनक्सचा गेटवे बसवायचा होता. बोर्डांचा सोर्स (मूळ प्रोग्रॅम) कुणाकडेच उरलेला नव्हता आणि चिपा लॉक केलेल्या. त्यामुळे बोर्ड जे बोलतात तेच आपण बोलायचं, हे आधीच ठरून गेलं.

ते बोलतात नऊ बिटांत. ८०५१ च्या सिरियल पोर्टला मोड ३ मध्ये आठ डेटा बिटांनंतर एक नववा बिट मिळतो. एसएम२ नावाचा बिट १ ठेवला, की नववा बिट १ असलेला बाइट आला तरच बोर्डाला इंटरप्ट, म्हणजे 'लक्ष दे' अशी हाक, येतो. बाकी बाइट तारेवरून जातात आणि त्याला पत्ताही लागत नाही. मास्टर आधी नववा बिट १ करून माग क्रमांक, म्हणजे पत्ता, पाठवतो. ज्याचा क्रमांक जुळला तो आपला एसएम२ शून्य करून पुढचा डेटा ऐकतो. ही सोय फार सुंदर आहे. पिकांच्या आकड्यात कुठे २३ आले म्हणून २३ नंबरचा माग दचकून उत्तर देत नाही. पत्ता आणि डेटा यांची गल्लत होणंच शक्य नाही.

अडचण लिनक्सच्या बाजूला. तिथे बाइट आठ बिटांचा. नववा बिट हवा असेल तर पॅरिटीच्या (चूक पकडायला जोडलेल्या जादा बिटाच्या) जागी बसवायचा: मार्क पॅरिटी म्हणजे कायम १, स्पेस पॅरिटी म्हणजे कायम ०. मीही तिथूनच सुरुवात केली. मार्क लावून पत्ता पाठवायचा, तो बाहेर पडेपर्यंत टीसीड्रेनने थांबायचं, स्पेस लावून डेटा पाठवायचा. टेबलावर एका बोर्डाशी हे चाललंसुद्धा. शेडमध्ये मात्र एकच माग नऊ वेळा उत्तर द्यायचा आणि दहाव्या वेळी गप्प.

तारेवरचे बिट दाखवणारा लॉजिक अ‍ॅनालायझर लावल्यावर कारण दिसलं. १९२०० बॉडला (सेकंदाला १९२०० बिट) अकरा बिटांची एक फ्रेम ५७३ मायक्रोसेकंदांत जाते, पण पत्ता आणि पहिला डेटा बाइट यांच्यात ११ ते १९ मिलिसेकंदांची पोकळी होती. टीसीड्रेन कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, शिरून झोपतं, आणि ती झोप एका जिफीपेक्षा (कर्नलच्या घड्याळाच्या एका ठोक्यापेक्षा) लहान होत नाही. आमच्या कर्नलमध्ये एक जिफी म्हणजे १० मिलिसेकंद. बोर्ड साधारण १५ मिलिसेकंद वाट बघून परत एसएम२ लावून घेत होता. वर त्या पोकळीत आरटीएस (पाठवताना तार धरून ठेवणारा सिग्नल) खाली येऊन तार मोकळी सुटत होती, आणि मोटारींनी भरलेल्या शेडमध्ये मोकळी तार म्हणजे गोंगाटाला निमंत्रण. वापरकर्त्याच्या प्रोग्रॅममधून हे सुटणार नाही, ड्रायव्हरमध्येच (चिप चालवणाऱ्या कर्नलच्या भागात) हात घालावा लागेल, हे त्या ट्रेसवरून मला पटलं.

सुदैवाने २०२२ साली लिनक्स ६.० मध्ये सिरियल कोअरला (सगळ्या सिरियल ड्रायव्हरांच्या सामाईक भागाला) आरएस-४८५ साठी पत्त्यांची सोय आली आहे. सेटिंगच्या स्ट्रक्चरमध्ये जी रिकामी जागा राखून ठेवलेली होती तिच्यातले दोन बाइट त्यासाठी घेतले: एक ऐकण्याचा पत्ता, एक पाठवण्याचा. सोबत पत्ता-मोड चालू करणारा एडीडीआरबी हा फ्लॅग. आमचा कर्नल ६.१ होता, म्हणजे वरचा मजला तयार होता. आमच्या चिपच्या ड्रायव्हरमध्ये मात्र त्याचं काहीच नव्हतं.

पहिला आयोक्टल (प्रोग्रॅमने ड्रायव्हरला सेटिंग पाठवायची हाक) सरळ 'इन्व्हॅलिड आर्ग्युमेंट' म्हणून परतला. ड्रायव्हर आपल्याला काय काय जमतं याची यादी कोअरला देतो आणि यादीबाहेरचा नवा फ्लॅग आला की कोअर दारातूनच परत पाठवतं. यादीत पत्ता-मोड आणि पाठवण्याचा पत्ता एवढंच घातलं. ऐकण्याचा पत्ता गाळणं या युसार्टच्या (चिपमधल्या सिरियल पोर्टच्या) हार्डवेअरला येत नाही, आणि जे येत नाही ते येतं म्हणून सांगायचं नाही. आणखी एक: स्ट्रक्चर आधी शून्याने भरून घ्या. फ्लॅग न लावता पत्त्याच्या बाइटमध्ये कचरा राहिला तरी कोअर तेच उत्तर देतं. माझी एक अख्खी दुपार त्यात गेली.

हार्डवेअरचं काम त्या मानाने सोपं निघालं. मोड रजिस्टरमध्ये (चिपच्या सेटिंगच्या खणात) पॅरिटीच्या जागी मल्टिड्रॉप, म्हणजे नवव्या बिटाने पत्ता ओळखायचा मोड, निवडायचा. मग कंट्रोल रजिस्टरमध्ये सेंडए हा बिट लिहिला, की त्यानंतर टाकलेला पहिला बाइट नववा बिट १ घेऊन जातो आणि पुढचे सगळे ० घेऊन. चिपमध्ये हे इतकी वर्षं पडून होतं.

चुकले मी दुसरीकडे. सेटिंग बदलताना आधीचे बाइट निघून जाईपर्यंत थांबावं म्हणून तिथे एमस्लीप, म्हणजे काही मिलिसेकंद झोपवणारं फंक्शन, टाकला. कोअर सेटिंगचं फंक्शन स्पिनलॉक (धरलेला असताना झोपायला मनाई असलेलं कुलूप) धरून बोलावतं. कन्सोलवर 'स्केड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक' आणि खाली पानभर कॉल ट्रेस. झोपायचंच नाही अशा जागी मी झोपायला लावलं होतं. मग रचना बदलली. सेटिंगमध्ये फक्त 'पत्ता पाठवायचा आहे' अशी खूण करून ठेवायची, आणि पाठवणाऱ्या फंक्शनने पहिला बाइट टाकण्याआधी ती खूण बघून सेंडए आणि पत्ता लिहायचा. यात प्रोग्रॅमवर एक जबाबदारी येते: पुढचा पत्ता लावण्याआधी मागचा डेटा पूर्ण निघालेला हवा, नाहीतर शिल्लक बाइट नव्या पत्त्याच्या मागे लागतील. टीसीड्रेन आता तिथे आहे, दोन फ्रेम-समूहांच्या मध्ये, जिथे दहा मिलिसेकंदांनी कुणाचं बिघडत नाही.

मल्टिड्रॉपमध्ये 'पॅरिटी एरर' चा अर्थही बदलतो. नववा बिट १ असलेला बाइट आला, इतकंच तो सांगतो. डीएमएने (प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत) बाइट घेतले तर ही खूण कुठल्या बाइटची ते कळत नाही, म्हणून त्या पोर्टचा डीएमए डिव्हाइस ट्रीमधून (कर्नलला दिलेल्या हार्डवेअरच्या वर्णनातून) काढला आणि फिफोही (आलेले बाइट साठवणारी रांग) बंद ठेवला.

नवा ट्रेस मी बराच वेळ बघत बसले. पत्त्याच्या बाइटच्या शेवटी उंच नववा बिट, स्टॉप बिट, आणि लगेच पुढचा स्टार्ट बिट. मध्ये काही नाही. आरटीएस पहिल्यापासून शेवटपर्यंत वर.

शेडमध्ये दोन दिवस नीट चाललं, तिसऱ्या दिवशी सकाळी २८ च्या २८ माग गप्प. रात्री वीज गेली होती. चालू होतानाच्या स्क्रिप्टमध्ये आधी आमचा आयोक्टल आणि मागून बॉड लावणारी एसटीटीवाय ही कमांड, असा क्रम होता. बॉड बदलताना ड्रायव्हर पॅरिटीची जागा पुसून नव्याने लिहितो, आणि तिथे एडीडीआरबी बघायला मी विसरले होते. कोअर तो फ्लॅग जपून ठेवतं, फक्त ड्रायव्हरने त्याच्याकडे बघायला हवं. स्क्रिप्टचा क्रम बदलून भागलं असतं, पण दुरुस्ती ड्रायव्हरमध्येच केली. उद्या दुसरं कुणी एसटीटीवाय चालवेल तेव्हा मी तिथे नसेन.

त्या संध्याकाळी पाळी बदलताना मामा त्यांची वही घेऊन आले. एकेका मागापुढे उभं राहून बोर्डावरचा आकडा मोठ्याने वाचायचा, मी गेटवेच्या स्क्रीनवर बघायचा. मागांच्या आवाजात ओरडावं लागत होतं, कीबोर्डवर कापसाचं तूस बसत होतं. २८ वा झाल्यावर ते परत २३ नंबरपाशी गेले. "ताई, हा पूर्वी लई खोटं बोलायचा. परत बघा."

परत बघितला. जुळला.