अडीच मीटरला अडीच महिने

आमचा पाईपगॅसचा मीटर ड्राय बाल्कनीच्या एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर न्यायचा होता. टेप लावून मोजलं तर अडीच मीटर. त्याला लागले अडीच महिने, म्हणजे मीटरमागं एक महिना. आता काम झालंय, शेगडी पेटतीय, तरी त्या ऑफिसचा विषय निघाला की डोकं तापतंय, म्हणून एकदाचं लिहूनच टाकतो, कुणाला उपयोग झाला तर झाला.

कोल्हापुरात सायबर चौकाच्या आतल्या बाजूला आमची जुनी चार फ्लॅटची अपार्टमेंट. आम्ही वर, आमच्या बरोबर खाली काका-काकू, दोघंच. मुलगा पुण्याला. मे महिन्यात आम्ही किचनचं काम काढलं, कट्टा फिरवायचा आणि ड्राय बाल्कनीला स्लायडिंग बसवून फ्रिज तिकडं ढकलायचा. फ्रिजची जागा ठरली तिथं नेमका मीटर. गवंडी म्हणाला, सर दोन पान्याचं काम आहे, आपला प्लंबर करतोय की. तसलं कधीही करू नका. मीटरला कंपनीचं सील असतंय, ते तुटलं की वेगळी भानगड, आणि लीकेज राहिलं तर भानगड करायला आपण उरणार नाही.

अर्ज, सर्व्हे, पैसे हे सगळं आठ-दहा दिवसात झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. बिलाची कॉपी, आधार, घरफाळ्याची पावती, आत्ताच्या आणि नव्या जागेचा फोटो. सर्व्हेला आलेला पोरगा चांगला होता. त्यानं सांगितलं की मीटर बंद कपाटात चालत नाही, सिंकच्या खाली चालत नाही, लाईटच्या बोर्डाला चिकटून चालत नाही, आणि स्लायडिंग बसवा पण वरच्या बाजूला जाळी उघडी ठेवा, कारण हा गॅस हवेपेक्षा हलका, वर जातो. सिलिंडरचा गॅस जड, तो खाली फरशीवर बसतो, म्हणून आपल्याला सगळ्यांना खालची झडप उघडी ठेवायची सवय असते, इथं उलटं. हे मला खरंच माहीत नव्हतं. एस्टिमेट आलं २,७०० अधिक जीएसटी, ३,१८६ रुपये. ऑनलाईन भरले. मेसेज आला. लै खूश झालो मी, बायकोला म्हटलं बघ, सरकारी नाही हे, पटापट होतंय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दोघं आले, पाईप, ड्रिल, सगळं घेऊन. एकानं खिशातनं कागद काढला, मीटरवरचा नंबर वाचला, परत कागद वाचला, आणि म्हणाला, "सर, हा मीटर तुमचा नाही."

मी म्हटलं म्हणजे?

"कागदावर नंबर वेगळा आहे. ह्या नंबरचा मीटर दुसऱ्या कस्टमरच्या नावावर आहे. आम्हाला हात लावता येत नाही."

आमची बाल्कनी, आमची भिंत, त्या मीटरमधनं निघालेला पाईप आमच्या शेगडीला जातोय, दोन वर्षं त्याच्यावर आमची आमटी शिजतीय, आणि मीटर आमचा नाही. मी त्याला तसं बोललोही. तो बिचारा म्हणाला तुमचं बरोबर आहे पण जॉबवर नंबर मॅच झाला नाही तर सिस्टीम पुढं जाऊ देत नाही. चहा पिऊन गेले. संध्याकाळी मेसेज आला, रिक्वेस्ट क्लोज, कारण ग्राहक साईट तयार नाही. मी! साईट तयार नाही! कट्टा फोडलेला, घरात वाळूचा ढीग, गवंडी रोजच्या हजेरीवर बसलेला.

मग मी बिल काढून बघितलं. आणि इथं माझी चूक आहे ती मान्य करतो, दोन वर्षांत एकदाही बिलावरचा मीटर नंबर आणि मीटरवरचा नंबर जुळवून बघितला नव्हता. कोण बघतंय? रक्कम बघायची, फोनवरनं भरायची, विषय संपला. तुम्ही हे वाचत असाल तर आधी उठून बघून या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसला गेलो. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, जायला-यायला दीड तास. काऊंटरवरची मुलगी म्हणाली कस्टमर केअरला कॉल करा. कस्टमर केअर म्हणालं नजीकच्या ऑफिसला भेट द्या. मी म्हटलं ताई मी ऑफिसमधूनच बोलतोय, तुमच्या ऑफिसच्याच बाकावर बसून. तर म्हणे मग तिथल्या काऊंटरला भेटा. हे असं दोन वेळा झालं. शेवटी त्या मुलीनं स्क्रीन फिरवून दाखवली. तक्रारीच्या यादीत नाव बदल आहे, मोबाईल नंबर बदल आहे, मॉडिफिकेशन आहे, कनेक्शन बंद करणे आहे, मीटर खराब आहे. "मीटरचा नंबरच चुकीचा लागलाय" असा ऑप्शनच नाही. आणि ऑप्शन नाही म्हणजे तक्रार नाही. तिनं आपलं चांगुलपणानं "मीटर खराब" मध्ये टाकलं. चार दिवसांनी एक माणूस आला, मीटर तपासला, म्हणाला एकदम ओके आहे, सही घेतली, गेला. क्लोज.

परत ऑफिस. आता काऊंटरला दुसरा माणूस. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि उपाय सांगितला तो ऐका. म्हणाला हा नंबर तुमच्या खालच्यांच्या नावावर दिसतोय आणि त्यांचा तुमच्या, तर तुम्ही दोघं नाव बदलीचा अर्ज करा, त्यांनी तुम्हाला कनेक्शन ट्रान्सफर करायचं, तुम्ही त्यांना, स्टॅम्प पेपरवर एनओसी. म्हणजे मीटर आहे तिथंच राहणार, गॅस आहे तिथंच जाणार, चूक तुमच्या माणसाची, आणि आम्ही दोन शेजाऱ्यांनी एकमेकांना आपापला मीटर दान करायचा! मी जरा आवाज चढवला. नको होतं चढवायला, त्यानंतर तो माणूस जेवायला गेला तो गेलाच.

पण घरी येताना गाडीवर डोक्यात दुसरंच सुरू झालं. खालच्यांच्या नावावर आमचा मीटर. म्हणजे दोन वर्षं आमच्या मीटरचं रीडिंग त्यांच्या बिलात. आम्ही पाच माणसं, आई, दोन पोरं, आणि आठवड्याला मटण. ते दोघं, एकवेळ भाकरी आणि ताक. आमचं बिल दोन महिन्याला दहा-अकरा युनिटचं यायचं, मी चारचौघात सांगायचो पाईपगॅस लै स्वस्त पडतोय भावा, सिलिंडर विसरा. स्वस्त का पडत होता ते आत्ता कळलं.

खरं सांगतो, पाच मिनिटं मनात आलं की राहू दे, कट्ट्याचं डिझाईन बदलू, मीटर आहे तिथं राहील, कुणाला काय कळतंय. बायकोला बोलूनही दाखवलं. तिनं नुसतं बघितलं माझ्याकडं. मग गेलो खाली, दोन्ही घरची बिलं समोर ठेवली आणि सांगितलं.

काकूंनी बिलं हातात घेतली, चष्मा लावला, आणि माझ्याशी काहीच बोलल्या नाहीत, सरळ काकांकडं वळल्या. "बघा. दोन वर्षं म्हणताय, तुला गॅस बारीक करता येत नाही, तू दूध उतू घालवतेस, तू पाणी उकळत ठेवून सीरियल बघतेस. बघा आता." काका पेपर वाचत होते. पेपर वरच धरला त्यांनी. मी तिथं खुर्चीच्या कडेवर बसलेलो, माझ्या घरच्या रश्श्यापायी ह्या बाईनं दोन वर्षं बोलणी खाल्ली, काय तोंड दाखवणार.

हां, मध्येच आठवलं म्हणून सांगतो, ऑफिसला किंवा फोनवर काहीही बोललात तर रिक्वेस्ट नंबर घेतल्याशिवाय हलू नका. आणि दर वेळी मीटरचा असा फोटो काढा की नंबर आणि रीडिंग दोन्ही एका फोटोत येईल. माझ्याकडं पहिले तीन फोटो नुसत्या आकड्यांचे, नंबर कापलेला, कुणी विचारलंच नाही त्यांना.

तेवढ्यात पाऊस सुरू झाला, आणि आपल्याकडं जुलैत पाऊस म्हणजे सगळ्यांना एकच विषय, राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचं पाणी किती फूट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. फोन केला की माणसं इमर्जन्सी ड्युटीवर आहेत. त्याला मी काही बोललो नाही, ते खरंच असणार. कट्टा फोडलेला, म्हणून घरात आमचं इंडक्शनवर चाललेलं. शेजारच्यांनी नुसता पडून असलेला सिलिंडर देऊ केला होता, पण शेगडीचे जेट पाईपगॅससाठी बदललेले, त्यांचं भोक मोठं असतं, त्यावर सिलिंडरचा गॅस सोडला तर पिवळा भडका आणि भांडी काळी. आईचं म्हणणं इंडक्शनवरची भाकरी ही भाकरीच नाही, जाळावर फुगल्याशिवाय तिला भाकरी म्हणायचं नाही. दोन महिने हे रोज दोन वेळा ऐकलंय मी.

सुटका केली ती ऑफिसनं नाही, रीडिंगला येणाऱ्या पोरानं. तो नेहमीसारखा आला, मीटरचा फोटो काढायला लागला तर मी त्याला धरूनच बसवला. त्यानं दोन मिनिटात उलगडून सांगितलं. रीडिंग मीटर नंबरवर चढतं, फ्लॅटवर नाही, म्हणून कधी कुणाला शंका येत नाही. दोन मीटर एकाच दिवशी बसले असणार, खोक्यातनं काढताना वरचा खाली, खालचा वर, कागद मात्र आधीच भरलेले. असं होतं म्हणे कधीकधी. आणि म्हणाला काऊंटरवर जाऊ नका, नोडल ऑफिसरला, म्हणजे तक्रारी बघणाऱ्या साहेबाला, मेल टाका आणि त्यात "जॉइंट व्हेरिफिकेशन", म्हणजे दोन्ही मीटरची एकत्र तपासणी, हा शब्द लिहा, त्या शब्दाशिवाय ते हलत नाहीत.

शब्द लिहिला. दोन्ही घरच्या सह्या, दोन्ही मीटरचे फोटो, दोन्ही बिलं, आधीचे सगळे रिक्वेस्ट नंबर तारखेसकट. शेवटी एक ओळ टाकली की नाही झालं तर १९१५ ला ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार करणार आहे. प्रत्येक गॅस कंपनीला नोडल ऑफिसर आणि त्याच्या वर अपील ऐकणारा अधिकारी नेमावाच लागतो, पत्ता वेबसाईटवर शोधला की सापडतो, फक्त काऊंटरवर कुणी आपणहून सांगत नाही. मी हे पहिल्याच आठवड्यात करायला पाहिजे होतं, उगीच हेलपाटे मारत बसलो.

नऊ दिवसांनी दोघं आले. तपासणी काय, तर आमची शेगडी बंद, काकूंची पेटवली, आणि खालच्या मीटरवरचा लाल आकडा फिरायला लागला. मग उलट. झालं. ह्यासाठी सहा आठवडे. मी तेवढ्या वेळात व्हिडिओ काढून ठेवला, लागलाच तर असावा.

त्यानंतर मीटर सरकवायला किती वेळ लागला असेल? दोन तास. मेन कॉक बंद, जुना पाईप कापला, नवा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप, भिंतीला क्लॅम्प, सांध्यांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघितले, प्रेशर गेज लावून थांबले. घरात २१ मिलीबारनं गॅस येतो म्हणाले, काटा पडला नाही म्हणजे गळती नाही. रबरी नळी जुनी होती ती बदलायला लावली. शेगडीची ज्योत निळी आली, आई लगेच तवा घेऊन उभी. जॉब कार्डवर जुनं रीडिंग आणि सील नंबर लिहून घेतलाय ना हे बघा आणि त्याची कॉपी मागून घ्या, माझी प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये आहे. भिंतीचं भोक बुजवणं त्यांच्याकडं नसतं, पांढरं सिमेंट आपणच आणायचं. आणि टाईल्सवाल्याला मीटर बसेपर्यंत त्या भिंतीला हात लावू देऊ नका, आमची एक रांग उचकटायला लागली.

पैशाचं म्हणाल तर कंपनी म्हणाली दोन खात्यांमधली जुनी बिलं वळती करायची प्रोसेस वेगळी, त्याला वेगळा अर्ज. मी हात जोडले. रात्री बसून सगळी बिलं मांडली, फरक साडेसहा हजाराच्या आसपास निघाला, काकूंना नेऊन दिला. त्या नको नको म्हणत होत्या, काकांनी घेतले, मोजले.

परवा दुरुस्तीनंतरचं पहिलं बिल आलं. आमचं बघून बायको म्हणाली इंडक्शन माळ्यावर टाकू नका. काकूंचं बिल अकरा युनिटचं. ते त्यांनी फ्रिजच्या दारावर मॅग्नेटनं लावलंय, काकांच्या खुर्चीच्या बरोबर समोर.