नववी 'अ' आणि माझं अक्षर

शाळेच्या महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लेख मागायला वर्गमैत्रिणीचा फोन आला, तेव्हा विषयही तिनेच ठरवून ठेवला होता. "तू रोज फळ्यावर सुविचार लिहायचीस ना, त्यावर लिही. काय अक्षर होतं गं तुझं!" पाचशे शब्द, पासपोर्ट आकाराचा फोटो, महिनाअखेरपर्यंत. मी हो म्हटलं. लिहायला बसले तर त्या सगळ्या सुविचारांपैकी एकही आठवेना. आठवली ती त्याच अक्षरात लिहिलेली एक चिठ्ठी. मग तिच्यावरच लिहिलं. पाचशे शब्दांत मावलं नाही. छापायचं की नाही ते संपादक मंडळाने ठरवावं, माझी तक्रार नाही.

साल १९९१, नाशिकच्या सिंहस्थाचं. गावात पाय ठेवायला जागा नव्हती आणि पंचवटीत ज्याच्या त्याच्या घरी पाहुणे. त्याच जूनमध्ये आमच्या नववी 'अ' मध्ये निफाडकडची एक मुलगी आली. तिचं नाव इथे लिहीत नाही. तिला विचारलेलं नाही. वडिलांची द्राक्षबाग. ही पंचवटीत मामाकडे राहायची आणि होळकर पुलावरून चालत शाळेत यायची. चापून तेल लावलेल्या दोन वेण्या, नवा कोरा गणवेश, गणितात पक्की. आणि बोलणं तिकडचं. पहिल्याच आठवड्यात तिने उभं राहून विचारलं, "बाई, चाचणी कव्हा हाये?" सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. मनात काही धरून नव्हे, पण हसल्या.

तेव्हापासून ती 'कव्हा'. "कव्हा आली गं?" "कव्हा जाणार?" श्रावणात साधूंच्या मिरवणुका सुरू झाल्यावर त्यात आणखी एकाची भर पडली: हिला घरचे कुंभमेळ्यात विसरून गेलेत. हा विनोद माझा. चांगला आठवडाभर चालला. आम्ही तिच्या बोलण्याला हसायचो असं आजही आमच्यातली कोणीही सांगेल, पण ते अर्धंच खरं. आम्ही गावातल्या जुन्या वाड्यांमधल्या, घरी 'शुद्ध' बोलणाऱ्या मुली. कोणाकडे बघून हसायचं आणि कोणाकडे बघून नाही, हे आम्हाला कोणी शिकवलं नव्हतं आणि पक्कं येत होतं.

तीही हसायची आमच्याबरोबर. एकदा माझ्याकडे वही घेऊन आली. "मला तुझ्यासारखं अक्षर काढायचंय. 'ळ' तर लईच भारी काढती तू." मी तिला एक पान कित्ता घालून दिला. तिने दुसऱ्या दिवशी चार पानं गिरवून आणली. हे सांगायचं कारण पुढे येईल.

चाचणीच्या गणिताच्या पेपरांची बेरीज बाई आमच्याकडूनच तपासून घ्यायच्या. पेपर आपसात वाटायचे, तुझा मला, माझा तिला. हिच्या वाट्याला आमच्या गटाच्या म्होरकीचा पेपर आला. हिने दोनदा बेरीज केली आणि उठून म्हणाली, "बाई, चार मार्क जास्ती धरलेत." तिच्या मनात काडीचंही काही नव्हतं. द्राक्षाच्या पेट्या मोजताना चूक दिसली तर वडिलांना सांगितलं असतं, तितक्याच सहज ती बोलली. चार गुण कमी झाले आणि म्होरकीचा पहिला नंबर गेला. तो हिच्याकडेच आला, हे आणखी वाईट.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मला बोलावणं आलं. "तूच लिही, तुझं अक्षर छान आहे." मला ते ऐकून बरं वाटलं होतं, हे नोंदवून ठेवते. वहीच्या मधल्या पानावर मी लिहिलं: 'उद्यापासून कव्हाशी कोणीही बोलायचं नाही. जी बोलेल तिच्याशीपण कट्टी. वाचून पुढे दे.' समास सोडून, टाक धरल्यासारखं.

चिठ्ठी मराठीच्या तासाला निघाली. भिंतीकडच्या रांगेतून मागे, मग मधल्या रांगेतून पुढे. ती हिच्या बाकाला वळसा घालून जायची होती; तशी योजनाच होती. पण मधली एक मुलगी त्या दिवशी आली नव्हती, आणि मागच्या बाकावरचीने समोर दिसला त्या हातात घडी सरकवली. तो हिचा हात.

मी तिरकी बसले होते, मला सगळं दिसत होतं. तिने बाकाखाली घडी उघडली. वाचली. मग मान वर करून तिने फळ्याकडे पाहिलं. डाव्या कोपऱ्यात वार, दिनांक, पट ५८, हजर ५५, आणि खाली दोन ओळींत सुविचार. माझ्याकडे बघायची तिला गरजच पडली नाही. तिने चिठ्ठी होती त्याच घड्यांवर पुन्हा दुमडली आणि पुढच्या बाकावरच्या मुलीच्या खांद्याला हात लावून तिच्याकडे दिली. 'वाचून पुढे दे' असं लिहिलं होतं ना.

पुढचे सात महिने तिच्याशी कोणी बोललं नाही. सात महिने हा आकडा मी नंतर बोटांवर मोजला. तेव्हा कोणी मोजत नव्हतं. तिला कोणी मारलं नाही, तिच्या दप्तराला हात लावला नाही, शिवी दिली नाही. पाण्याच्या टाकीशी ती आली की नळ मोकळा व्हायचा. डबा खायचं कोंडाळं ती जवळ आल्यावर उठायचं आणि दोन बाकं सोडून पुन्हा बसायचं. खो-खोच्या संघात ती शेवटी उरायची आणि मग पीटीच्या बाई तिला कुठल्यातरी बाजूला ढकलायच्या. प्रगतिपुस्तकात आम्हा सगळ्यांच्या 'वर्तन' या रकान्यात 'उत्तम' आहे. माझं अजून कपाटात आहे, बघून सांगते आहे.

भोंडल्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं. नवरात्रात पटांगणात पाटावर हत्ती मांडून वर्गावर्गाचा फेर व्हायचा. फेर म्हणजे हात धरणं आलं. तिच्या डाव्या हाताला मी होते. मी तिचा हात धरला नाही. तिच्या बाहीची कड दोन बोटांच्या चिमटीत पकडली. पलीकडचीने तेच केलं. दुरून बघणाऱ्याला फेर पुरा दिसत होता. तिचे हात दोन्ही बाजूंना लोंबत होते आणि ती गाणं म्हणत होती. सगळी गाणी तिला पाठ होती, आमच्याहून दोन जास्तच.

मग खिरापती. ज्यांनी भोंडला खेळलाय त्यांना सांगायला नको, खिरापतीची गंमत ओळखण्यात. आणणारी झाकलेला डबा वाजवते, बाकीच्या ओरडतात, गोड की तिखट, कुरकुरीत का, कोणत्या अक्षराने सुरू. तिची पाळी आली. ती पिशवी घेऊन मधे उभी राहिली आणि म्हणाली, "ओळखा." एकही आवाज नाही. अठ्ठावन्न मुलींच्या पटांगणात शेजारच्या वर्गाचं गाणं स्पष्ट ऐकू येत होतं. "गोड हाये," तिने आपणहून सांगितलं. तरी काही नाही. शेवटी पीटीच्या बाई म्हणाल्या, "अगं, ओळखा की! चिरोटे?" तिने मान हलवली. "करंज्या?" नाही. बाईंनाही पुढे कंटाळा आला. "बरं, दाखव."

घरच्या द्राक्षांचे मनुके होते. वर्तमानपत्राच्या कागदाच्या पुड्या, प्रत्येकीला एक, मोजून अठ्ठावन्न. रात्री बसून केलेल्या असणार. मुलींनी पुड्या घेतल्या, कारण बाई बघत होत्या, आणि वर्गात आल्यावर खिडकीच्या कट्ट्यावर ओळीने ठेवून दिल्या. संध्याकाळी शिपाई मावशींनी त्या गोळा केल्या. त्यांना त्रेपन्न-चोपन्न मिळाल्या असतील. माझी मी जिन्याखाली उभं राहून खाल्ली होती. फार गोड होते.

शिक्षकांना काहीच कळलं नाही का, असं मला पुढे एकीने विचारलं. कळणार कसं? दिसण्यासारखं काही नव्हतंच. १९९५ मध्ये अमेरिकेतल्या निकी क्रिक आणि जेनिफर ग्रोटपीटर या दोघींनी नेमक्या याच प्रकाराचा अभ्यास केला: गटातून काढणं, बोलणं बंद करणं, मैत्री तोडायची धमकी देणं. तिसरी ते सहावीतली मुलं होती, आणि मुलींमध्ये हे जास्त आढळलं. मला त्यांची रीत आवडली. वर्गात हे कोण करतं, त्यांची नावं सांगा, असं त्यांनी मुलांनाच विचारलं. आम्हाला विचारलं असतं तर आम्हीही बरोबर सांगितली असती. हल्ली माझ्या भाचीच्या वर्गाचा एक ग्रुप आहे आणि एकीला वगळून दुसरा. चिठ्ठीला आता चांगलं अक्षर लागत नाही.

मी वकिली करते, नाशिकच्याच कोर्टात. २०१३ मध्ये आपल्या शहरात आंतरजातीय लग्न केलेल्या मुलीचा तिच्या बापाने जीव घेतला आणि जातपंचायतींविरुद्धची मोहीम इथून उभी राहिली. त्यातून पुढे सामाजिक बहिष्काराविरुद्धचा २०१६ चा कायदा आला. जुलै २०१७ मध्ये तो लागू झाला. तेव्हा मी तो टेबलावर घेऊन कलमागणिक वाचला. बहिष्कार टाकणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मदत करणारा, चिथावणी देणाराही सुटत नाही. नववीतल्या पोरींना या कायद्याखाली कोणी उभं करणार नाही, करूही नये. वाळीत टाकलेल्या कुटुंबांचं पाणी, स्मशान, लग्नकार्यं बंद होतात, त्याची आमच्या कट्टीशी बरोबरी नाही. पण 'जी बोलेल तिच्याशीपण' हे वाक्य पंचांचंच आहे. त्याशिवाय बहिष्कार टिकत नाही. ते मी चौदाव्या वर्षी, कोणी न शिकवता, एका ओळीत बसवलं होतं. म्होरकीने फक्त 'कोणी बोलायचं नाही' एवढंच सांगितलं होतं. दुसरं वाक्य माझं.

वार्षिक परीक्षेत ती पुन्हा पहिली आली. जूनमध्ये दहावीच्या वर्गात हजेरी झाली तेव्हा तिचं नाव नव्हतं. तालुक्याच्या शाळेत गेली म्हणे. हजेरीपटात माझा क्रमांक एकाने वर सरकला, चौतीसचा तेहेतीस. कोणी काही विचारलं नाही.

म्होरकीबद्दल माझ्या मनात राग नाही. ती चांगली बाई आहे, माझ्या आईच्या आजारपणात दोन रात्री दवाखान्यात बसली होती. मध्यंतरी मी तिच्याकडे विषय काढला. तिला चार गुण आठवत होते, चिठ्ठी नाही. खोटं बोलत नव्हती.

आमच्या बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या महोत्सवाचं आमंत्रण पडलं, त्या दिवशी कोणीतरी विचारलं, नववीत ती निफाडची होती बघा, तिचा नंबर आहे का कोणाकडे? बराच वेळ शांतता. मग एकीने लिहिलं, "अगं, कव्हा!" त्यावर अकरा जणींनी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणारे चेहरे टाकले. मी टाकला नाही. दुसरंही काही लिहिलं नाही. नंबर कोणाकडेच नव्हता.

हा लेख टाइप करून पाठवते आहे. आतल्या पहिल्या पानासाठी माझ्या हातचा एक सुविचार संपादकांना स्कॅन करून हवा होता. तो दुसऱ्या कोणाकडून घ्यावा.