सीझन ७४-७५

अहवालाच्या मसुद्यात एकच आकडा ठळक केलेला होता: किनारा दरवर्षी सरासरी ०.९ मीटरने मागे सरकतोय. पन्नास वर्षांत पंचेचाळीस मीटर. त्याखाली लाटा अडवणाऱ्या दगडी बंधाऱ्याचं अंदाजपत्रक आणि शेवटी सह्यांच्या रिकाम्या जागा. आमच्याकडे तो मसुदा 'फक्त एकदा नजर टाका' म्हणून आला होता. आधीच्या एजन्सीने काम अर्धवट सोडलं होतं आणि त्यांनी काढलेल्या रेषा तपासून नकाशे सुबक करून देणं, एवढंच आमचं काम.

गाव मालवणच्या दक्षिणेला आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही. भरतीरेषा कागदावर पाच मीटर इकडे-तिकडे झाली तरी सीआरझेडमुळे, म्हणजे किनाऱ्यालगतच्या बांधकामाच्या नियमांमुळे, कुणाच्या तरी पडवीची परवानगी अडकते, आणि त्या भांडणात मला पडायचं नाही. एका बाजूला समुद्र, मागे खाडी आणि मध्ये माडांनी भरलेली वाळूची पट्टी, एवढं सांगितलं तरी तिकडच्या लोकांना चित्र दिसेल. तारकर्लीहून देवबागला गेलेल्या माणसाला तर नक्कीच.

मसुद्यात दोन रेषा होत्या. एक ड्रोनची, ऑक्टोबर २०२४ मधली. दुसरी जुन्या हवाई छायाचित्रांवरून काढलेली. ही छायाचित्रं हाताशी असणं हीच मोठी गोष्ट. उपग्रहांची चित्रं १९७२ च्या मागे सहसा जात नाहीत, आणि सुरुवातीच्या लँडसॅटचा एक ठिपका जमिनीवर सुमारे ऐंशी मीटरचा. त्यात पुळण, म्हणजे किनाऱ्याची वाळू, दिसते, पण मोजता येत नाही. देशाच्या किनाऱ्याबद्दल जो आकडा सगळीकडे फिरतो, म्हणजे मुख्यभूमीच्या किनाऱ्यापैकी ३३.६ टक्के भाग झिजतोय, तो राष्ट्रीय तटीय संशोधन केंद्राचा अभ्याससुद्धा १९९० ते २०१८ या काळाचा आहे. त्याआधीचं जग पाहायचं तर विमानातून काढलेले फोटो हवेत, आणि किनारपट्टीचे असे फोटो आपल्याकडे संरक्षण खात्याच्या मंजुरीशिवाय हातात पडत नाहीत. आमच्या फाइलीने त्यासाठी किती टेबलं पाहिली, ते सोडून देते.

शेवटी एका सरकारी कार्यालयाच्या रेकॉर्डरूममध्ये बसून मूळ प्रिंट बघायची परवानगी मिळाली. तेवीस सेंटिमीटर चौरस, काळेपांढरे, कडा पिवळ्या पडलेले. गठ्ठ्यावर सुतळी, आणि तपकिरी कागदावर शाईने लिहिलेलं 'सीझन ७४-७५'. दुसरं काही नाही.

मसुद्यात या फोटोंची तारीख '१९७५' अशी बिनधास्त छापली होती. पण सर्वेक्षणाचा सीझन पाऊस संपल्यावर सुरू होतो आणि उन्हाळ्यात संपतो. म्हणजे फोटो नोव्हेंबर ७४ चा असू शकतो किंवा एप्रिल ७५ चा. पन्नास वर्षांच्या हिशेबात पाच महिने म्हणजे किस झाड की पत्ती, असं कुणालाही वाटेल. कोकणच्या पुळणीवर तसं नाही. जून ते सप्टेंबर लाटा वाळू ओढून आत नेतात, किनारा अरुंद आणि उभा होतो. पाऊस सरला की तीच वाळू हळूहळू परत येते, आणि माघ-फाल्गुनापर्यंत पुळण पुन्हा ऐसपैस पसरते. आम्ही याच गावात ऑक्टोबरनंतर मार्चमध्ये पुन्हा ड्रोन उडवला, तेव्हा ओल्या-कोरड्या वाळूची सीमा वीस-पंचवीस मीटर समुद्राकडे सरकलेली होती. पाच महिन्यांत. म्हणजे मसुद्यातल्या 'पन्नास वर्षांच्या' झिजेपैकी निम्मी झीज निव्वळ ऋतूची असू शकत होती. फोटोचा महिना कळल्याशिवाय सही करण्यात अर्थ नव्हता.

अशा फोटोच्या कडेला एक पट्टी असते. त्यात छोटं घड्याळ, उंची दाखवणारी तबकडी, पाणसळीचा बुडबुडा, फोटोचा क्रमांक, सगळं प्रत्येक फोटोबरोबर आपोआप उमटतं. आमच्या गठ्ठ्यात ती पट्टीच नव्हती. कधीतरी कुणीतरी सगळे फोटो एकाशेजारी एक चिकटवून मोठा नकाशा केला असणार आणि त्यासाठी कडा कात्रीने साफ केल्या असणार. कात्री चालवणाऱ्याचा हात मात्र चांगला होता, कडा दोरीसारख्या सरळ.

मग सावल्यांकडे वळलो. विमान किनाऱ्याला धरून उत्तर-दक्षिण उडालं होतं, त्यामुळे त्याच पट्ट्यात, गावाच्या उत्तरेला, सिंधुदुर्ग किल्ला आला होता. १६६४ मध्ये पाया घातलेली ती तटबंदी अजून जागेवर आहे आणि तिची उंची आज मोजता येते. आमच्याबरोबरच्या अण्णांनी (ते कुडाळचे, साइटवरची सगळी कामं तेच बघतात) लेझर मीटरने दोन-तीन ठिकाणी उंची मोजून आणली. भिंतीची उंची आणि सावलीची लांबी कळली की सूर्य किती वर होता ते कळतं, आणि सावलीच्या दिशेवरून तो कुठे होता ते. या दोन गोष्टींवरून दिवस आणि वेळ दोन्ही निघतात. ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात फोटोचं प्रमाण १:२५,०००, म्हणजे कागदावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पंचवीस मीटर. तटाची आठ-साडेआठ मीटरची सावली प्रिंटवर मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी. १२०० डीपीआयला स्कॅन केल्यावर एक पिक्सेल साधारण अर्ध्या मीटरचा होतो, आणि सावलीची कड कुठल्या पिक्सेलला संपली यावर दोन माणसं सहज वाद घालू शकतात. आम्ही घातला. त्यामुळे एकाच भिंतीवर न थांबता मिळतील तेवढ्या सावल्या मोजल्या.

उत्तर आलं: सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सतराएक अंशांवर, वेळ सकाळी दहाच्या पुढची. पंधरवडाभर इकडे-तिकडे धरून.

आणि इथेच घोडं अडलं. सूर्य दक्षिणेकडे जाताना सतरा अंशांवरून एकदा जातो आणि परत येताना पुन्हा एकदा. पहिली वेळ नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात, दुसरी फेब्रुवारीच्या सुरुवातीला. भूमितीला दोन्ही सारखेच. ते कापून टाकलेलं घड्याळ असतं, तर तेवढ्याच सावलीला दोन्ही महिन्यांत घड्याळात जवळजवळ अर्ध्या तासाचा फरक पडतो, त्यावरून लगेच निकाल लागला असता. नोव्हेंबर असेल तर पुळण नुकतीच भरू लागलेली आणि ऑक्टोबरच्या ड्रोनशी बऱ्यापैकी तुलना करण्याजोगी. फेब्रुवारी असेल तर मसुदा रद्दीत.

स्क्रीनवर मी किनाराच मोठा करून बघत होते. अण्णा मागे चहा घेऊन उभे. त्यांचं लक्ष समुद्राकडे नव्हतंच, ते खाडीच्या पलीकडच्या मळ्यांकडे बघत होते. म्हणाले, "मॅडम, हयसर जरा मोठा करा." मी केलं. सगळे कोपरे, म्हणजे भाताचे तुकडे, फिकट, कोरडे. पण व्हाळाच्या (ओढ्याच्या) दोन्ही अंगांना गडद राखाडी चौकोनांची एक माळ. आणि व्हाळावर आडवी बारीक रेघ, रेघेच्या वरच्या बाजूला पाणी तुंबून चकाकतंय.

"ह्यां वायंगण," अण्णा म्हणाले. "बांध घातल्यालो दिसता मां? दिवाळेक वायंगण खंयचा?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: पावसाळी भात कापून झाल्यावर व्हाळाला माती-दगडांचा तात्पुरता बांध घालतात आणि त्या पाण्यावर खालच्या मळ्यांत दुसरं भात घेतात, ते वायंगण. लावणी डिसेंबर-जानेवारीत, कापणी मार्च-एप्रिलच्या सुमारास. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात तिथे एक तर पिकलेलं गरवं भात उभं असतं नाही तर ताजी कापणी झालेली असते. बांध घालून, पाणी भरून, हिरवं शेत तेव्हा असूच शकत नाही. फोटो फेब्रुवारीचा. मी अण्णांना खुर्ची दिली आणि चहा मी प्यायले.

आता मसुद्यातली जुनी रेषा पुन्हा पाहिली, तर ती आणखीच अवघड निघाली. आधीच्या माणसांनी सरळ पाण्याची कड गिरवली होती, फेसाची पांढरी रेघ जिथे दिसली तिथे. पाण्याची कड त्या क्षणीच्या भरती-ओहोटीवर ठरते. इकडे उधाणाला पाणी दोन मीटरच्या आसपास वर-खाली होतं, मुंबईपेक्षा बरंच कमी, पण पुळणीचा उतार वीसास एक असेल तर पाण्याच्या एका मीटरला कड वीस मीटर हलते. फोटोत ओली वाळू रुंद पसरलेली दिसत होती, म्हणजे ओहोटी. ड्रोन मात्र भरतीला उडवलेला. थोडक्यात, ओहोटीच्या फेब्रुवारीतून भरतीचा ऑक्टोबर वजा केला होता आणि आलेल्या उत्तराला झीज म्हटलं होतं. सॉफ्टवेअरला यात काही वावगं दिसत नाही. दर पन्नास मीटरवर काटछेद पाडून, दोन रेषांतलं अंतर वर्षांनी भागून, ते दोन दशांश स्थळांपर्यंत उत्तर देतं.

म्हणून आम्ही पाण्याचा नाद सोडला आणि दोन्हीकडे हिरवाईची कड धरली, म्हणजे मर्यादवेल, केवडा आणि माडांची पहिली रांग जिथे संपते ती सीमा. ती एका पावसाने हलत नाही. फोटो जमिनीवर बसवायला जुने रस्त्यांचे तिठे, देवळाची दीपमाळ आणि विहिरी वापरल्या. प्रिंटचा कागद पन्नास पावसाळ्यांत आखडलेला होता, तेही दुरुस्त केलं. सगळ्या चुका एकत्र धरून दहा मीटरपर्यंतचा फरक आम्ही फरक मानणार नव्हतो.

उत्तरेकडच्या निम्म्या किनाऱ्यावर बदल निघाला चार-पाच मीटर. म्हणजे काहीच नाही. नेमका तिथे मसुद्यातला बंधारा होता, कारण तिथवर ट्रक जातो.

दक्षिणेला, खाडीच्या मुखाजवळ, हिरवाईची कड साठ मीटरहून जास्त आत आली होती. मसुद्याच्या सरासरीत हे टोक झाकलं गेलं होतं.

छापील नकाशा घेऊन आम्ही गावात गेलो तो दिवस अमावास्येचा धरला होता, चांगली ओहोटी मिळावी म्हणून. शाळेच्या पडवीत जुना फोटो मोठा करून टेबलावर अंथरला. माणसं जमली. प्रत्येक जण आधी आपलं घर शोधतो, हे सगळीकडे सारखंच. एक आजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांनी दक्षिण टोकाच्या एका काळ्या ठिपक्यावर नख टेकवलं. दहा-बारा पिक्सेलचा ठिपका, भोवती फिकट कडं. मी तो आधी पाहिला होता आणि नोंदीत 'विहीर?' असं प्रश्नचिन्ह टाकून ठेवलं होतं.

"ही आमची बाव. ह्या बावीचा पाणी मे म्हयन्यात पण गोडा आसायचा."

आता कुठे आहे विचारलं तर त्यांनी हाताने समुद्र दाखवला. पाणी उतरल्यावर आम्ही गेलो. ओल्या वाळूत जांभ्या दगडाचं वर्तुळ वीतभर वर आलेलं होतं, आत वाळू गच्च, दगडांवर कालवं बसलेली. त्यावर जीपीएस ठेवला. फोटोत ही बाव हिरवाईच्या कडेपासून चाळीस मीटर आत होती, आज ती कडेच्या पंचवीस मीटर बाहेर आहे. म्हणजे पासष्ट मीटर. आमच्या रेषेशी जुळलं.

पण आजींनी जे पुढे सांगितलं ते कुठल्याच रेषेत नव्हतं. बाव वर्षाला मीटरभराने गेली नाही. फयानच्या आधी दोन पावसांत कड बावीला येऊन भिडली आणि फयानच्या वर्षी बाव गेली. फयान म्हणजे नोव्हेंबर २००९ चं चक्रीवादळ. परत येऊन मधल्या वर्षांची उपग्रह चित्रं काढली. २००६ मध्ये बावीपुढे अजून माड उभे आहेत, २०११ मध्ये नाहीत. त्याच्या आधीच्या तीस वर्षांत आणि नंतरच्या बारा-तेरा वर्षांत त्या टोकाला हालचाल फारशी नाही. 'दरवर्षी १.३ मीटर' हा आकडा गणिताने बरोबर आहे आणि तशी झीज तिथे एकाही वर्षी झालेली नाही.

बैठकीत अधिकाऱ्यांनी विचारलं, "मॅडम, मग एक आकडा काय लिहायचा?" सरपंचबाईंचा प्रश्न जास्त अवघड होता. उत्तरेला काही झालेलं नाही असं लिहिलंत तर मंजूर होत आलेला बंधाराही जाईल, मग दक्षिणेला तरी मिळणार का? त्यांचं चुकत नव्हतं. शासनदरबारी मोठा आकडा चालतो, खरा आकडा फाइलीत झोपतो, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत. मी एवढंच म्हणाले की उत्तरेला दगड टाकलेत तर बंधाऱ्याच्या दक्षिण टोकापाशी लाटा आणखी जोराने वाळू खातील, आणि ते टोक तुमच्या दुखऱ्या जागेच्याच दिशेने आहे. त्यावर त्या काही बोलल्या नाहीत, नकाशा मात्र स्वतःकडे ओढून घेतला.

आम्ही आकडा दिला नाही. किनाऱ्याचे तीन तुकडे करून तीन रंग दिले, फोटोसमोर 'फेब्रुवारी १९७५, अंदाजे' असं लिहिलं आणि बाव नकाशावर नावानिशी दाखवली. अधिकाऱ्यांनी 'सरासरी' हा रकाना तरीही भरायला लावला, तिथे आम्ही 'लागू नाही' लिहिलं. ते वरच्या टेबलावर टिकेल की नाही, कल्पना नाही. बंधाऱ्याची जागा पुन्हा तपासायचा शेरा मात्र पडला आहे. पुढचं उड्डाण आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात ठेवलंय, सकाळी दहानंतर, ओहोटीची वेळ साधून. अण्णा म्हणतात व्हाळावर हल्ली बांध कुणी घालत नाही, त्यामुळे पन्नास वर्षांनी कुणी आमचा फोटो बघणार असेल तर तारीख नीट लिहून ठेवा.