आम्ही पण असेच वाढलो म्हणे

मंगळवार, रात्री

झोप येत नाहीये. “आम्ही पण असेच वाढलो की मॅडम, काय झालं आम्हाला?” हे संध्याकाळपासून डोक्यात घोळतंय. बोलणारा माणूस वाईट नव्हता, उलट इतक्या मायेने लेकीला मांडीवर घेऊन घसरगुंडीवर बसला होता, दीडेक वर्षाची असेल, पायात ते चीं-चीं वाजणारे शूज. मी एवढंच म्हटलं की दादा मांडीवर नका घेऊ, तिचा पाय अडकेल. तो हसला. बाकावरच्या बायका पण हसल्या, त्यात राधाची आई पण. ते जास्त लागलं.

म्हणजे मी काय उगाच बोलते का? प्लास्टर निघालेली पोरं रोज माझ्यासमोर येतात. पाऊल टाकायला घाबरणारी ती चिमुरडी बघितली की पोटात कालवतं, आणि आई-बाबा हमखास एकच सांगतात, अहो आम्ही तर मांडीवर घट्ट धरलं होतं. तेच तर होतं ना. लेकरू एकटं घसरलं आणि रबरी सोल कडेला अडकला तर दहा-बारा किलोचं ते पोर जागच्या जागी थांबतं. मांडीवर असलं की मागे आपलं साठ-सत्तर किलो वजन असतं, ते कुठे थांबणार, पाऊल तिथेच राहतं आणि बाकीचं शरीर पुढे, नडगीचं हाड पिळल्यासारखं होऊन तडकतं. सूज पण फारशी नसते, पोर फक्त उभं राहायला नको म्हणतं. कधीकधी पहिल्या एक्स-रेत काही दिसतच नाही, आठ-दहा दिवसांनी कळतं. अमेरिकेत २००२ ते २०१५ मधे सहा वर्षांखालची साडेतीन लाखांवर मुलं घसरगुंडीवर जखमी झाली असा अंदाज आहे, आणि त्यात सगळ्यात जास्त एक ते दोन वर्षांची. म्हणजे जी मुलं आपण मांडीवर घेऊन बसतो तीच.

हे सगळं त्याला तिथे उभ्या उभ्या कसं सांगणार. आणि का सांगायचं. नेहमी मीच का.

आणि “काय झालं आम्हाला” म्हणे. शाळेत माझ्या पुढच्या बाकावर एक मुलगी होती, लोखंडी कमानीवरून फरशीवर पडलेली, हाडवैद्याने हात बांधला आणि कोपर वाकडंच जुळलं. वेणी घालताना तो हात मागे नीट जायचा नाही, मधल्या सुट्टीत कुणीतरी घालून द्यायचं. ती पण आमच्यातलीच ना? तिला विचारलं का कुणी?

हर्षद म्हणाला, तू सोडून द्यायला शीक. आईला फोन करावासा वाटला पण मग तो विषय निघाला असता, जाऊ दे.

मला पोरांना घरात कोंडायचं नाहीये हे कुणाला का कळत नाही. मिहू त्या जाळीवर पार टोकापर्यंत चढतो, मी खाली उभी असते, माझा जीव वरखाली होतो पण मी “उतर” म्हणत नाही. गुडघे फुटतात, फुटू देत. उंची त्याला दिसते, पाय कुठे ठेवायचा ते तो ठरवतो, भीती वाटली की आपणहून थांबतो. पण झोपाळ्याच्या साखळीचा वरचा हुक घासून घासून निम्मा उरलाय तो त्याला दिसणार आहे का? झोपाळ्याखाली वाळू होती, मांजरं घाण करतात म्हणून काढली आणि तिथे पेव्हर ब्लॉक बसवले, वरून पातळ मॅट, तिचे कोपरे आत्ताच उचललेत. तिथून डोक्यावर पडलं तर काय, हे सात वर्षांच्या पोराने ओळखायचं? ते बघायला आपण आहोत ना. मोकळी वाळू वीतभर खोल असली तरी केवढा फरक पडतो.

लिहिता लिहिता एक लक्षात आलं, राग त्या दादांचा नाहीच आहे. हसण्याचा आहे. आणि हसतील, पुढेही हसतील, राधाची आई पण हसेल आणि परवा राधाला ताप आला की मलाच फोन करेल, मी उचलीन पण. असंच आहे हे. बोलणारी बाई थोडी नकोशी होतेच. चालेल मला. खरंच चालेल, हे लिहिताना रडू येत नाहीये म्हणजे चालेल.

फक्त सांगायची पद्धत बदलून बघणार आहे. “नका घेऊ” म्हटलं की माणूस दुखावतो, बाप म्हणून. त्यापेक्षा म्हणायचं, दादा शूज काढा तिचे आणि एकटीला सोडा, छोट्या घसरगुंडीवरून, मी खाली थांबते धरायला. सोबत उभं राहिलं की ऐकतात लोक, काल नव्या बिऱ्हाडातल्या आजींनी ऐकलं होतं की.

हुकाचा फोटो ग्रुपवर टाकला होता, दोन अंगठे आले बस. सेक्रेटरी काका म्हणाले मीटिंगमधे घेऊ. मीटिंग पुढच्या महिन्यात. तोवर नाही थांबायचं, उद्या सकाळी वॉचमनकाकांना सांगून तो झोपाळा वर गुंडाळून बांधायला लावते. मुलं चिडतील, मिहू सगळ्यात जास्त. हुक बदलायला माणूस कोण देतं ते बघायचं, पैसे माझ्याकडून गेले तरी हरकत नाही.