पोटोमॅक उतरली आहे, शिसं हलकं करा

सप्टेंबर, दुसरा आठवडा. मेरीलँड.

पोटोमॅक नदीवरच्या पॉइंट ऑफ रॉक्सला पाण्याची पातळी मोजणाऱ्या गेजचा आलेख सपाट पडलाय. वरच्या अंगाला पाऊस नाही. हार्पर्स फेरीपासून ब्रन्सविकपर्यंत पाणी इतकं नितळ की कमरेएवढ्या खोलीतही तळाचे गोटे दिसतात. हवा अजून गरम असली तरी पाणी सकाळी २१-२२ अंशांवर आलंय. स्मॉलमाउथ बास आता खायला लागतो, पण त्याला माणूसही लांबून दिसतो. लांब फेक, सावली मागे आणि पाण्यात कमीत कमी खळखळ, एवढं तरी पाळायलाच हवं.

या पट्ट्यात खडकाच्या रांगा नदीला आडव्या गेलेल्या आहेत. रांगेवरून पाणी उतरतं तिथे खाली खळगा पडतो आणि रंग गडद हिरवा होतो. बहुतेक जण गळ तिथेच टाकतात. तिथे मासा असतोच, पण खडकाच्या पुढच्या अंगाला, जिथे पाणी दगडावर आपटून मंदावतं, तिथे अनेकदा त्याहून मोठा बसलेला असतो. त्याला धारेत पोहत ताकद घालवायची नसते; धारेला खेटून उभं राहायचं आणि वाहत आलेलं टिपायचं, एवढाच त्याचा धंदा. तिसरी जागा म्हणजे स्टारग्रासच्या पट्ट्यांमधल्या मोकळ्या वाटा. गवताच्या वर नाही, कडेने.

आता मुख्य गोष्ट. आमिषाच्या रंगावर लोक तासन् तास वाद घालतात. नितळ पाण्याला हिरवट तपकिरी, गढूळ पाण्याला काळं. माझ्या मते विषय इथेच संपतो. मासा लागतो की नाही ते ठरतं जिगच्या, म्हणजे शिशाचं डोकं असलेल्या गळाच्या, वजनावर. गुडघाभर संथ पाण्याला १/१६ औंस, म्हणजे पावणेदोन ग्रॅम. मांडीभर वाहत्या पाण्याला १/८. रांगेखालच्या पाच-सहा फुटी खळग्याला ३/१६, धार जोरात असेल तर १/४. उन्हाळ्याच्या सुरुवातीला जे १/४ व्यवस्थित चालत होतं, तेच आता दर दुसऱ्या फेकीला अडकतं. त्याचं कारण तळात आहे. खडकाच्या भेगा लांब आणि अरुंद आहेत. जड डोकं सरळ भेगेत उतरतं, मग धार दोरा खाली ओढते आणि ते पाचरीसारखं घट्ट बसतं.

बरोबर वजन ओळखायचं असं: धारेला आडवी, किंचित वरच्या बाजूला फेक करायची, दोरा जेमतेम ताठ ठेवायचा आणि आमिष वाहू द्यायचं. दोन-तीन सेकंदांनी एकदा ‘टक्’ लागलं तर ठीक. सारखं घासत असेल तर जड, धारेच्या शेवटापर्यंत एकदाही लागलं नाही तर हलकं. डबीत सगळी वजनं हवीत आणि दर खळग्याला बदलायचा आळस करायचा नाही. एवढा आळस बहुतेकांना असतोच.

अडकलं की खेचू नका. खेचलं की आणखी रुततं. अडकल्या जागेच्या वरच्या अंगाला चालत जा, काठीचं टोक खाली धरा, रिळाजवळचा दोरा दोन बोटांनी ताणून एकदम सोडा. बहुतेक वेळा सुटतं.

आमिषं दोनच पुरतात. पहिलं नेड रिग: चपट्या डोक्याचा जिग आणि मऊ प्लास्टिकचा पावणेतीन इंचांचा तुकडा. हे प्लास्टिक तरंगणारं असल्याने तळाला टेकलं की शेपूट वर करून उभं राहतं. ते साध्या प्लास्टिकच्या अळ्यांबरोबर एका डबीत ठेवू नका, दोन्ही वितळून एकमेकांना चिकटतात. दुसरं साडेतीन इंची ट्यूब, म्हणजे मऊ प्लास्टिकची पोकळ नळी. जिग हेड ट्यूबच्या आत सारून फक्त कडी बाहेर काढायची. ही पडताना गिरक्या घेते आणि तळावर क्रेफिशसारखी, म्हणजे नदीतल्या छोट्या शेवंडासारखी, दिसते. घाबरलेला क्रेफिश शेपूट आपटत उलटा पळतो, म्हणून ओढ, थांब, छोटी उडी, पुन्हा थांब. एकसारखं गुंडाळलं तर ट्यूबचा काही उपयोग नाही.

झटका क्वचितच बसतो. दोरा बाजूला सरकतो, नाहीतर तळ लागायच्या आधीच ढिला पडतो. तेवढं दिसलं की ढील गुंडाळून काठी आडवी ओढायची. वर झटका दिला आणि चुकलं, तर आमिष माशाच्या डोक्यावरून निघून जातं.

काठी पावणेसात-सात फुटी, मध्यम ताकदीची, टोकाला चपळ. २५०० मापाचं रीळ, १० पौंडी वेणीचा दोरा, पुढे सहा फूट फ्लुरोकार्बन, ६ किंवा ८ पौंडी. जोडायला डबल युनी गाठ: वेणीचे आठ वेढे, फ्लुरोचे पाच, आणि आवळण्याआधी थुंकीने ओली. कोरडी आवळली की घर्षणाने फ्लुरो दुबळा होतो आणि नेमका मोठ्या माशाला तुटतो. शेवटचा फूटभर दोरा दर माशानंतर नखाने चाचपायचा. खरखर लागली की कापून नवी गाठ.

पहाटे वर तरंगणारं आमिष लावणार असाल तर फ्लुरो काढा. तो बुडतो आणि आमिषाचं नाक खाली ओढतो. तिथे साधा मोनो, म्हणजे एकेरी नायलॉनचा दोरा. आणि पाणी उडालं म्हणून ओढायचं नाही, काठीला वजन लागल्यावर ओढायचं.

पाण्यात उतरण्याबद्दल: नमद्याच्या, म्हणजे फेल्टच्या, तळव्यांचे बूट मेरीलँडमध्ये २०११ पासून बंद आहेत, कारण ओल्या नमद्यातून डिडिमो शेवाळ एका नदीतून दुसरीत जातं. रबरी तळवे आणि त्यात खिळे घ्या. हातात आधाराची काठी, अंगात लाइफ जॅकेट. धारेबरोबर खाली खाली चालत गेलं की परतताना तीच धार अंगावर येते, म्हणून सुरुवात खालून. धरणाच्या भिंतींजवळ जायचंच नाही. खालचं पाणी माणसाला उलटं फिरवून आत ठेवतं.

मासा खालच्या ओठाला अंगठा लावून धरता येतो, दात कानशीसारखे बारीक असतात. मोठ्याला पोटाखाली दुसरा हात. बारा इंच व्हायला त्याला साधारण तीन-चार वर्षं लागतात, वीस इंचांचा दहाएक वर्षांचा असतो. रवा लावून तव्यावर टाकायचा मोह आपल्या लोकांना होतोच, पण हा सोडून द्यावा. खायचाच असेल तर राज्याने दिलेली खाण्याची मर्यादा आधी वाचा. गंमत म्हणजे हा मासा या नदीचा नाहीच. १८५४ मध्ये ओहायोच्या खोऱ्यातून बी अँड ओ (बाल्टिमोर अँड ओहायो) रेल्वेच्या इंजिनामागच्या पाण्याच्या टेंडरमध्ये, भोकं पाडलेल्या बादलीत बसून तो कंबरलंडला आला. आता त्याला परका कोणी म्हणत नाही. तो मान नव्याने आलेल्या फ्लॅटहेड कॅटफिशला.

आठवड्याअखेर पाऊस सांगितलाय. शेनान्डोआच्या बाजूला पडला तर हार्पर्स फेरीखाली व्हर्जिनियाचा काठ आधी गढूळ होईल आणि मेरीलँडच्या काठाला बरंच अंतर नितळ पाणी टिकेल. दोन रंगांची शीव जिथे दिसेल तिच्या नितळ बाजूला १/८ आणि ट्यूब. दोन्ही नद्या चढल्या तर गेज परत उतरेपर्यंत काठावरच.